भावोजींनी बसवलेली काच

माझे भावोजी, म्हणजे आमच्या ताईचे यजमान, गाड्यांच्या काचा बसवतात. दारांच्या बसवतात, मागच्या बसवतात, पण त्यांचा जीव पुढच्या काचेत. दाराची काच म्हणजे त्यांच्या लेखी सटरफटर काम. पुढची काच आली की ते बाह्या सरसावतात, चष्मा पुसतात आणि आजूबाजूच्या माणसांना मागे सरकायला सांगतात. एखाद्या सर्जननंही इतका रुबाब केला नसेल.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या क्लचवर ओरडायचं, हा माझा धंदा. त्यामुळे माझा आवाज आणि माझा राग दोन्ही आमच्या घरात प्रसिद्ध आहेत. भावोजी मला ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. मी त्यांच्यावर जेवढी ओरडले असेन तेवढी सख्ख्या भावावरही ओरडले नाही, आणि ते मात्र कधीच उलटून बोलले नाहीत. अशा माणसाशी भांडायला काही मजा येत नाही.

त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबट शेड. भिंतीला लाकडी घोडे, त्यांना जुन्या सतरंज्यांचे तुकडे ठोकलेले आणि त्यावर उभ्या काचा. खिळ्याला काच उचलायच्या रबरी वाट्या लटकलेल्या. कोपऱ्यात काळ्या पेस्टच्या नळ्या. ही पेस्ट काच आणि गाडी यांना जन्मभरासाठी चिकटवते, आणि भावोजींच्या कपड्यांनाही. ‘यांचा लग्नातला सदरा तेवढा वाचलाय, कारण तो यांना आता होत नाही,’ असं ताई म्हणते.

पेस्ट ओली असताना गाडीचं दार आपटलं तर आतल्या हवेचा दाब काचेवर येतो आणि काच हलते. म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देताना भावोजी हमखास सांगायचे, ‘एक खिडकी थोडी उघडी ठेवा आणि दार हळू लावा.’ ही सवय घरातही शिरली. ताईच्या घरात कितीही कडाक्याचं भांडण झालं तरी दार आपटून निघून जायची सोय नाही. भाचीनं लहानपणी एकदा आपटलं होतं, तर हे धावत जाऊन चौकट तपासत बसले आणि भांडण राहिलं बाजूला.

आपल्या कामाचं त्यांना मोठं कौतुक. कोणाच्या लग्नाला गेले तरी जेवताना शेजारच्याला पकडायचे. ‘पुढची काच एक नसते, दोन असतात. मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. म्हणून ती फुटली तरी मांडीत सांडत नाही, जागच्या जागी तडकते.’ मग काचेच्या कडेच्या काळ्या ठिपक्यांवर यायचे. ‘लोकांना वाटतं नक्षी आहे. नक्षी कसली! उन्हानं पेस्ट खराब होऊ नये म्हणून ती काळी कड असते. गाडी उलटली तर छप्पर तोलायला हीच काच मदत करते, माहिती आहे?’ शेजारचा बिचारा घास हातात धरून मान डोलवायचा.

त्यांची एक खुबी होती. नवीन काच बसवली की गाडी वेगात असताना वरच्या कडेतून बारीक शिट्टी वाजते, अशी बऱ्याच ठिकाणची तक्रार असते. भावोजींच्या काचेतून कधीच शिट्टी यायची नाही. कारण छपराच्या बाजूला ते पेस्टची धार जरा जाड सोडायचे. जरा म्हणजे किती, ते त्यांच्या अंगठ्यालाच ठाऊक. फट म्हणून राहायची नाही. या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता, हे मी त्यांची मेव्हणी म्हणून नाही, माझ्या शिकाऊ गाड्यांच्या काचा वारंवार फोडून घेतलेली बाई म्हणून सांगते.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीच्या नव्या गाडीची काच फुटली. पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि बोटभर तडा गेला. आठवडाभरात तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोहोचला. भाची रोज त्या गाडीनं मोठ्या रस्त्यावरून कामाला जाते आणि वाटेत तिच्या छोट्या मुलीला पाळणाघरात सोडते. काच बदलणं भाग होतं.

‘बाबा, शोरूमच्या वर्कशॉपमध्ये टाकते,’ एवढंच ती म्हणाली आणि भावोजींचं तोंड उतरलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच म्हणाले, ‘टाक ना. तिथं चांगलं करतात.’ आणि उठून हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ‘बरं बाबा, तुम्हीच बसवा,’ ती म्हणाली. बापाचा चेहरा असा काही उजळला की आमच्यापैकी कोणाचीच पुढे बोलायची हिंमत झाली नाही.

पोरगी मोठी शहाणी. तिनं गाडीबरोबर आलेलं पुस्तक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर बापाला वाचून दाखवायला बसली. त्या काचेत काय काय होतं म्हणता! दोन काचांमधला पडदा साधा नव्हता, बाहेरचा आवाज अडवणारा होता. खालच्या कडेला केसाहून बारीक तारा होत्या, गारठ्यात वायपर चिकटले तर काच गरम करायला. रेडिओचा अँटेना काचेतच. आरशाच्या मागे पाऊस ओळखणारं एक यंत्र, थेंब पडले की वायपर आपोआप सुरू. आणि त्याच्याच बाजूला कॅमेरा. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो, पुढची गाडी बघतो, माणूस आडवा आला तर ब्रेक लावतो, गाडी पट्टा सोडायला लागली तर स्टिअरिंग सरळ करतो.

‘म्हणजे तू काय करतेस?’ भावोजींनी विचारलं.

‘मी मागं बसलेल्या बयेला बिस्किटं देते,’ भाची म्हणाली.

भावोजी खूप हसले. मग त्यांनी आरशामागच्या त्या काळ्या भिंगाला नाव ठेवलं ‘डोळा’. भाचीनं पुढे वाचलं की काच बदलल्यावर कॅमेरा यंत्रावर लावून पुन्हा जुळवून घ्यावा. यावर भावोजींनी हात उडवला. ‘अगं, डोळा तोच, जागा तीच, स्क्रू तेच. मी काय त्याला उलटा बसवणार आहे? त्यांना गिऱ्हाईक परत बोलवायला काहीतरी कारण लागतं.’ मलाही ते पटलं.

भावोजींनी कंपनीचीच, सगळ्या करामती असलेली काच मागवली. मी त्या दिवशी दुकानात होते. जुनी काच कापायला दोघं लागतात, एक आत, एक बाहेर. पोलादी तार पेस्टमधून घालून करवतीसारखी इकडून तिकडं ओढायची. आत मी बसले. बाहेर ते. ‘मास्तरीणबाई, ओढा! क्लच नाही तो, हळूहळू कशाला सोडताय?’ जन्मात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. नवी काच त्यांनी इतक्या मायेनं बसवली की मला माझ्या भाचीचा हेवा वाटला. वरच्या कडेला पेस्टची जाड धार सोडली. सगळं पुसलं, घासलं, लख्ख केलं.

त्या लख्ख करण्यातच पहिली फजिती झाली. दुसऱ्या दिवशी कडकडीत उन्हात भाचीच्या गाडीचे वायपर खाडखाड सुरू झाले ते थांबेचनात. पाऊस ओळखणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी पारदर्शक जेलीचा एक बिल्ला असतो. यंत्र काचेला घट्ट टेकावं, मध्ये हवा राहू नये, म्हणून. भावोजींना वाटलं जुना गोंद आहे. नखानं खरवडून, फडक्यानं पुसून त्यांनी तो साफ काढून टाकला होता. अशी चूक दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती, कारण एवढं पुसतो कोण? नवा बिल्ला आणून लावला, वायपर शहाणे झाले, आम्ही यथेच्छ थट्टा केली. भावोजीही खूश. झालेली चूक सापडली, सुधारली, विषय संपला असं त्यांना वाटलं.

काही दिवसांनी माझी गाडी दुरुस्तीला होती म्हणून भाची मला घ्यायला आली. मी सवयीनं तिचे हात बघत बसले. माणूस गाडी कशी चालवतो हे मी चेहऱ्यावरून नाही, हातांवरून ओळखते. तिनं गाडी सुरू केली, डाव्या हातानं पुढ्यातलं एक बटण दाबून धरलं, मग पडद्यावर कुठेतरी दोनदा टिचकी मारली, आणि मग निघाली. पेट्रोल भरायला थांबलो, पुन्हा सुरू करताना पुन्हा तेच.

‘हे काय बंद करतेस गं दर वेळी?’

‘काही नाही मावशी.’

‘मला काही नाही म्हणू नकोस. मी शिकवलंय तुला.’

मग तिनं सांगितलं. काच बसवल्यावर पहिल्यांदा मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा स्टिअरिंग आपोआप कडेला ओढायला लागलं. तिनं सरळ केलं की पुन्हा ओढायचं. पुढं मोकळ्या रस्त्यावर गाडीनं करकचून ब्रेक मारला. मागून येणारा टेम्पो कसाबसा वाचला आणि छोटी मागच्या सीटवर घाबरून रडायला लागली. तेव्हापासून ती गाडी सुरू केली की आधी डोळ्याचं सगळं बंद करायची. पण गाडी बंद करून सुरू केली की ते आपसूक पुन्हा चालू व्हायचं, म्हणून दर वेळी.

‘आणि एखाद्या दिवशी विसरलीस तर?’

‘नाही विसरत.’

‘शोरूममध्ये का नेत नाहीस?’

‘ते काच काढायला सांगतील. मी चौकशी केली.’ ती रस्त्याकडे बघत म्हणाली, ‘बाबांना सांगू नकोस. ते रोज विचारतात, शिट्टी येते का? मी म्हणते, नाही येत. तेवढं एक वाक्य ऐकून ते जेवायला बसतात, मावशी.’

मला इतका राग आला होता आणि तो काढायला समोर कोणीही नव्हतं. लेकरू मागे बसवून ही मुलगी असली गाडी चालवत होती. बापाचं मन राखायला. मी तिला बजावलं की रविवारी आपण सगळे एकत्र आहोत, तेव्हा तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. ती हो म्हणाली. पण काय सांगणार होतो? त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात जीव लावून केलेलं काम त्यांच्याच लेकीला आणि नातीला धोक्यात घालतंय, हे कोणत्या शब्दांत सांगतात?

रविवारी आम्ही सगळे एका ओळखीच्यांकडे निघालो. भाची चपला घालून बाहेर येईपर्यंत भावोजी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेसुद्धा. ‘आज मी चालवणार. माझी काच आतून कशी दिसते ते मला तरी कळू दे.’ मी पुढे बसले, ताई, भाची आणि नात मागे. भाची म्हणाली, ‘बाबा, थांबा, मी...’ पण नातीनं सीटवरून घसरून गोंधळ घातला, तिचा पट्टा लावेपर्यंत गाडी फाटकाबाहेर होती. मी बटण शोधायला हात पुढे केला, तर भावोजी म्हणाले, ‘हात आवरा मास्तरीणबाई, मला लायसन्स आहे.’

गल्लीबोळात काही झालं नाही. ते इतके मजेत होते की मागून भाची ‘बाबा, थांबा’ म्हणत होती तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ‘आहे का शिट्टी? ऐका. आहे का?’ मोठ्या रस्त्याला लागलो, वेग वाढला. आमच्या बाजूनं एक टँकर चालला होता. आणि स्टिअरिंग त्या टँकरकडे वळायला लागलं.

भावोजींनी ते सरळ केलं. ते पुन्हा वळलं. ‘हे काय, हे कोण ओढतंय?’ ते म्हणाले. मी हात घालून चाक धरलं. टँकर कानठळ्या बसतील असा भोंगा वाजवत पुढे निघून गेला, आणि समोरचा रस्ता मोकळा झाला तोच आमच्या गाडीनं दाणकन ब्रेक मारला. आम्ही पट्ट्यात अडकलो. मागून ब्रेकांचे आवाज आले, शिव्या आल्या.

तेव्हा मागून भाचीचा हात आला. बापाच्या खांद्यावरून, न चाचपडता, नेमका त्या बटणावर गेला. दाबून धरलं. मग पडद्यावर दोनदा टिचकी. गाडी गरीब गाय झाली. भावोजींनी गाडी कडेला घेतली. ते त्या हाताकडे बघत होते. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

‘बसवली त्या दिवसापासून.’

‘छोटी असायची मागं?’

भाचीनं छोटीचा पट्टा चाचपून पाहिला.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा.’

‘आणि तुम्हाला दोघींना काही झालं असतं,’ भावोजी म्हणाले, ‘तर मला बरं वाटलं असतं का?’

त्यांचा आवाज रागानं चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ताई रडायला लागली. भावोजी काचेकडे पाहत होते. वरून खाली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, ‘मला तर काहीच दिसत नाहीये गं. सरळ आहे. स्वच्छ आहे.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, शोरूमला चला. आरशासारखी फरशी, फरशीवर आखलेल्या रेघा, गाडीसमोर उभा केलेला काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा मोठा फलक. तिथल्या सुपरवायझरनं संगणक जोडला आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. शेवटी म्हणाला, ‘काका, कॅमेरा जुळत नाही. काच वरच्या बाजूला किंचित बाहेर बसली आहे. इथं किंचित असलं तरी तिकडं लांब रस्त्यावर त्याचं फार होतं. पट्टा एकीकडे असतो, त्याला दिसतो दुसरीकडे.’

‘वरच्या बाजूला,’ भावोजी म्हणाले.

‘हो. पेस्ट जाड झाली असेल.’

भावोजींनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

काच काढायचं ठरलं तेव्हा ते पुढे झाले. ‘मी कापतो. माझी पेस्ट आहे, मला माहिती आहे कशी सुटते.’ सुपरवायझर ओशाळला. बाहेरच्या माणसाला आत परवानगी नव्हती. आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. मधल्या भिंतीत मोठी खिडकी होती, तिच्यातून सगळं दिसायचं, पण आत काहीच ऐकू जायचं नाही. आत दोन पोरांनी तार घातली आणि ओढायला लागले. पेस्ट सुटेना. पोरं घामाघूम. ‘खालच्या कोपऱ्यातून घाला रे,’ भावोजी खिडकीला तोंड लावून पुटपुटत होते. ‘वरून नाही सुटणार. वर मी जास्त सोडलीय.’ मी दार ठोठावायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. ‘बसा. त्यांचं काम आहे.’ थोड्या वेळानं काच सुटली, पण उचलताना मधोमध तडकली. भावोजींनी डोळे मिटले आणि मान वळवली. मी त्यांना कधी रडताना पाहिलेलं नाही आणि तेव्हाही ते रडले नाहीत, पण माझ्याच्यानं त्यांच्या शेजारी बसवेना.

नवी काच बसली, फलक लागला, डोळा जुळला. भाचीनं गाडी आणली आणि दार उघडलं. ती काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘आता छान आहे. आता तू विसरलीस तरी चालेल.’

मला वाटलं, चार दिवस गप्प राहतील आणि पुन्हा दुकानात रमतील. म्हणून मी मुद्दाम एक सकाळ काढून गेले. तेवढ्यात त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. या गृहस्थाच्या आजवरच्या सगळ्या गाड्यांच्या काचा भावोजींनीच बसवलेल्या. नवी गाडी, काचेला तडा. भावोजी उठले, वाकले, आरशाच्या मागे पाहिलं.

‘ही शोरूमला न्या,’ ते म्हणाले. ‘मला नाही जमायची.’

‘चेष्टा करता काय? तुम्हाला नाही जमायची तर कोणाला?’

‘खरंच नाही जमायची.’

‘कॅमेऱ्याचं म्हणताय का? अहो, नाही चालला तर नाही चालला. तुम्ही बसवा हो नेहमीसारखी, शिट्टी न येणारी.’

भावोजींनी हात जोडले. गृहस्थाला राग आला. ‘म्हणजे आता आम्ही नकोसे झालो,’ असं म्हणून त्यानं गाडीचं दार धाडकन आपटलं आणि निघून गेला. मला त्या माणसाच्या मागे धावत जाऊन चार शब्द सुनावावेसे वाटले. पण काय सुनावणार होते? तो भावोजींवर विश्वास टाकायला आला होता.

नंतर आणखी गाड्या आल्या. प्रत्येक गाडीपाशी भावोजी वाकायचे, आरशामागे बघायचे आणि मान हलवायचे. दोघा-तिघांना त्यांनी शोरूमचा रस्ता हातवारे करून नीट समजावला, कोणत्या चौकात वळायचं तेसुद्धा. माझा चहा गार झाला.

‘असं कसं चालेल भावोजी?’ मी न राहवून म्हटलं. ‘सगळ्यांनाच परत पाठवणार का?’

‘सगळ्यांना कशाला? डोळा नसलेली आली की करतो ना मी.’ त्यांनी फडकं घेतलं आणि घोड्यावरची एक काच पुसायला लागले. ‘येईल एखादी.’

मी जन्म गाड्यांत काढला आहे. दर वर्षी शाळेसाठी नवी गाडी बघायला मीच जाते, अगदी साध्यातली साधी. डोळा नसलेली गाडी आता कोणी बनवत नाही, हे मला माहीत होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.